‘छोटी टाकी सांभाळायला सोपी’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी नव्याने ठेवू पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: टाकी चाळीसेक लिटरची घ्या, पाणी थोडे म्हणून कामही थोडे, पातळी उतरली की खारे पाणी घाला, जिवाणूंची बाटली ओतून त्याच दिवशी मासे सोडा, पीएच घसरला तर पावडर टाका आणि काही बिघडलेच तर अर्धे पाणी बदला. यातले मूळ गृहीतकच उलटे आहे. पाणी थोडे असले की मेहनत थोडी लागते हे खरे, पण तेच पाणी बिघडतेही तितक्याच लवकर.

सर्वांत घातक सूचना खारे पाणी भरण्याची आहे. वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ टाकीतच राहते. ४० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर उडाले, तर चार दिवसांत खारटपणा दर हजारी ३५ वरून सुमारे ३९ वर जातो. ती तूट ३५ च्याच खाऱ्या पाण्याने भरली, तर पातळी पूर्ववत दिसते, खारटपणा मात्र ३८.५ वर अडकतो, आणि आणखी चार दिवसांनी तशीच भर घातली की थेट ४२ होतो. तूट गोड्या, शक्यतो आरओच्या पाण्याने आणि रोजच्या रोज भरावी; काचेवर पातळीची खूण केली तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश पाण्यात किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारे उपकरण) बरा, कारण काटा असलेल्या साध्या हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फसवा येतो.

जिवाणूंच्या बाटलीला सरसकट खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. जिवाणू जिवंत असतील तर एरवी चार ते सहा आठवडे चालणारे सायकलिंग, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजण्याची प्रक्रिया, लवकर आटोपते. मात्र ते आटोपले याचा पुरावा बाटलीवरचा मजकूर नव्हे, तर चाचणी आहे. रिकाम्या टाकीत दर दशलक्ष २ भाग इतका अमोनिया घालून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच मासा सोडावा. गोड्या पाण्यातला अनुभव येथे दगा देतो, कारण गोड्या पाण्यातल्या पीएच ७ च्या तुलनेत खाऱ्या पाण्यातल्या ८.२ ला अमोनियाचा विषारी अंश दहापटीहून अधिक असतो.

पीएचच्या पावडरीची गरज बहुधा नसतेच. बंद खोलीतल्या हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. पेलाभर पाणी मोकळ्या हवेत तासभर हवेच्या पंपाने ढवळून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर खिडकी उघडणे हाच उपाय. पावडरीने पीएच थोडा वेळ वर जातो, पण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) वाढत राहते आणि शेवटी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर हीटरवर बसतो.

राहिले अर्धे पाणी बदलणे. अमोनिया चढला असेल तर ते योग्यच आहे, पण सवय म्हणून नाही. टाकीची अल्कलिनिटी ७.५ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) आणि नव्या पाण्याची ११ असेल, तर अर्ध्या बदलाने ती एका झटक्यात ९.२५ होते आणि प्रवाळांना तो धक्का सोसत नाही. दहा टक्के बदलाने ती ७.८५ वरच राहते. हे नवे पाणी आदल्या दिवशी कालवून, ढवळत ठेवून, तापमान आणि खारटपणा टाकीशी जुळल्यावरच घालावे.