घामातली साखर: सुई इतक्यात टाकू नका

त्वचेवर चिकटवून घामातली साखर मोजणाऱ्या पट्ट्यांवरच्या एका लेखात ‘घामाचा पट्टा आला की बोटाला सुई टोचायला नको’ असं वाक्य आहे; ते मधुमेही वाचकांनी कृपया इतक्यात मनावर घेऊ नये. घामातलं ग्लुकोज रक्तातल्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकंच असतं. त्यामुळे जेवताना त्वचेला लागलेला गोडाचा अंशसुद्धा आकडा फुगवतो. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायची, पहिला घाम टिपून टाकायचा आणि मगच पट्टा लावायचा. पट्ट्याखाली जुना घाम साचला, की नव्यात मिसळून आकडा मागे पडतो. कडेने वाफ झाली तर उगाच वाढतो. शिवाय पट्ट्यात ग्लुकोज ओळखणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम तापमान आणि आम्लतेनुसार कमीजास्त काम करतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या २०१६ सालच्या पट्ट्यात त्वचेचं तापमानही मोजलं होतं, ते अशा दुरुस्तीसाठीच.

असे पट्टे घामातलं सोडियमही मोजतात, पण त्याचं गणित वेगळं. २५ अंश सेल्सिअसला प्रमाण दहापट झालं, तर इलेक्ट्रोड जेमतेम ५९ मिलिव्होल्ट बदल दाखवतो. म्हणजे ज्याच्या तुलनेत हा बदल मोजतात तो संदर्भ इलेक्ट्रोड ५ मिलिव्होल्ट सरकला, तरी चूक वीस टक्क्यांच्या आसपास! वापरण्याआधी माहीत असलेल्या दोन द्रावणांत, समजा १० आणि १०० मिलिमोल प्रति लिटर, तपासून घ्यायलाच हवं. आणि घाम जोरात सुटला की घामग्रंथीच्या नलिकेला सोडियम परत शोषायला वेळ मिळत नाही, प्रमाण आपोआप वाढतं. घामाचा वेग न मोजता दिलेला आकडा अर्धवटच.

घामाची खरी भरवशाची चाचणी जुनीच आहे: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी पायलोकार्पिन या औषधाने घाम आणून क्लोराइड मोजतात. ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं, तर निदानाला भक्कम आधार मिळतो.