सांघिक भावनेचा अभाव

केस कॉम्पिटिशन म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण सोडवून जजपुढे मांडायची स्पर्धा. तिच्यासाठीच्या आमच्या टीमच्या निवडीचा निकाल काल रात्री साडेअकराला आला. माझ्या नावापुढे तीनच शब्द : सांघिक भावनेचा अभाव. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून पुन्हा वाचलं, संताप तसूभरही कमी झालेला नव्हता.

तीन तासांची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी. चिठ्ठ्या टाकून पाडलेली चौघांची टीम. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने नव्या देशात कारखाना टाकावा की नाही, एवढाच प्रश्न. केस अठ्ठावीस पानांची, त्यातली अकरा पानं नुसती परिशिष्टं. आणि आमची पहिली चाळीस मिनिटं कशात गेली? टीमचं नाव काय ठेवायचं आणि स्लाइडला निळा रंग कुठला घ्यायचा यात. परिशिष्टं कुणी उघडलीसुद्धा नव्हती. त्यात चौथ्या पानावर कच्च्या मालाच्या खर्चाची अख्खी गोष्ट लिहिलेली होती.

एक्सेल माझ्या गळ्यात पडलं. दर वेळी पडतं. ‘तुझं फायनान्स चांगलं आहे ना’ म्हणायचं आणि हात झटकायचे. एक जण नेहमी ‘मी स्टोरीलाइन बघतो’ म्हणतो, म्हणजे सादरीकरणाची मांडणी. स्टोरीलाइन बघणं म्हणजे खोलीत येरझाऱ्या घालत बाकीच्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहणं. पहिल्या सेमिस्टरच्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही हाच प्रकार होता. पहाटे तीनला मी आकडे जुळवत बसले होते आणि सकाळी आठला एका महाभागाने फक्त फॉन्ट बदलून ‘फायनल_फायनल’ नावाने फाइल जमा केली. मार्क चौघांना सारखे.

तर मॉडेल केलं. डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के, पाच वर्षांचे कॅश फ्लो (दरवर्षी हाती येणारी रोकड) आणि त्यापुढे कायमच्या वाढीचा दर ३ टक्के. एनपीव्ही, म्हणजे या सगळ्याच्या आजच्या किमतीतून गुंतवणूक वजा करून उरतं ते, उणे आला. तीनदा तपासला, उणेच. म्हणजे सरळ होतं : कारखाना टाकू नका, तिथल्याच एखाद्या उत्पादकाला परवाना द्या, दोन वर्षांनी पुन्हा बघा. मी तसं सांगितलं. त्यावर स्टोरीलाइनवाले म्हणतात, ‘नका करू असं सांगून कुणी जिंकत नाही. जज लोकांना धाडस आवडतं.’

ठीक आहे, मत असू शकतं. वाद घातला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. पण शेवटची पंधरा मिनिटं उरलेली असताना, मी परिशिष्टाच्या स्लाइड भरत असताना, या गृहस्थाने शेअर केलेल्या फाइलमध्ये जाऊन ३ चे ६ केले. मला न विचारता, न सांगता. ज्यांनी हे गणित कधी केलंय त्यांना कळेल काय केलं ते. पाचव्या वर्षापुढची किंमत काढायला सहाव्या वर्षाच्या कॅश फ्लोला डिस्काउंट रेट आणि वाढीचा दर यांच्या फरकाने भागतात. १० वजा ३ म्हणजे ७, म्हणून ती किंमत त्या कॅश फ्लोच्या साधारण १४ पट येत होती. १० वजा ६ म्हणजे ४, ती एकदम २५ पट झाली. एका सेलमधला एक आकडा बदलला आणि तोट्यातला कारखाना फायद्यात आला. कायम ६ टक्के वाढ म्हणजे कायम! सगळी अर्थव्यवस्था त्याहून हळू वाढत असेल तर एक दिवस ही एकच कंपनी तिच्याहून मोठी व्हायला हवी. एवढं तरी डोक्यात यावं.

मला हे स्टेजवर कळलं. मोठ्या स्क्रीनवर, बाकी सगळ्यांबरोबर. जजनी नेमका तोच प्रश्न विचारला, ‘हे ६ टक्के कुठून आणले?’ आणि स्टोरीलाइनवाल्याने हसून माझ्याकडे हात केला : ‘याचं उत्तर आमची फायनान्सची सहकारी देईल.’

आकडा त्याचा आणि उत्तर मी द्यायचं!

मी खरं सांगितलं. माझ्या मॉडेलमध्ये ३ टक्के होते आणि ३ टक्क्यांना हा प्रकल्प तोट्यात जातो. दुसरं काय सांगायला हवं होतं? प्रगत बाजारपेठ, नवं तंत्रज्ञान असलं काहीतरी ठोकून द्यायचं? बाहेर आल्यावर मला ऐकावं लागलं, ‘तू आम्हाला बुडवलंस.’ आणि काल रात्री टीममध्ये नाव कुणाचं? त्याचं. शेरा : ‘आत्मविश्वासपूर्ण सादरीकरण, नेतृत्वगुण.’

स्पर्धेच्या माहिती सत्रात टीम निवडणारे हेच सीनियर काय सांगत होते आठवतंय? अनुभवाची गरज नाही, आम्ही विचार करणारी माणसं शोधतो. मग फॉर्ममध्ये पहिलाच रकाना ‘याआधीच्या स्पर्धा व मिळवलेले क्रमांक’ कशाला? पहिली संधीच दिली नाही तर क्रमांक कुठून आणायचा? कॅनडातल्या माँट्रियलची जॉन मॉल्सन केस स्पर्धा १९८१ पासून चालते, तिथेही चौघांची टीम आणि तयारीला तीनच तास, असं अर्धा तास सांगितलं. तिथे प्रश्नोत्तरांत एखाद्या जजने हाच ६ टक्क्यांचा प्रश्न विचारला तर काय करणार? तिथेही हसून दुसऱ्याकडे हात करणार?

आणि ते फ्रेमवर्क, म्हणजे विचार मांडायचे तयार साचे! उद्योगातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींचा मायकेल पोर्टरचा लेख १९७९ चा, कंपनीचे धंदे वाढ आणि बाजारहिश्श्यावर मांडणारी बीसीजी मॅट्रिक्स १९७० ची. मला दोन्ही आवडतात, खरंच आवडतात, कारण नीट वापरले तर विचाराला शिस्त लागते. पण आमच्याकडे पाच चौकोन काढून प्रत्येकात ‘मध्यम’ लिहितात आणि पुढच्या स्लाइडवर जातात. पुरवठादारांची ताकद मध्यम. ग्राहकांची मध्यम. परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की फिल्टरचा मुख्य भाग एकच पुरवठादार देतो, तरी मध्यम. स्वॉटच्या (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) स्लाइडवर तर ‘मजबूत ब्रँड’ हे दोन शब्द नसलेला स्लाइडचा डेक मला अजून भेटायचाय.

सर्वांत जास्त लागलं ते हे, की मला केस मनापासून आवडतात. हार्वर्डमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला वर्गात केस आणल्या गेल्या त्या यासाठीच : अपुरी माहिती हातात घेऊन निर्णय घ्यायचा आणि समोरच्याशी वाद घालून तो तपासायचा. मी जे केलं ते तेच होतं. टीममध्ये कुणीतरी ‘हा आकडा खोटा आहे’ म्हणणारं असायलाच हवं. त्याला अभाव म्हणतात?

आज सकाळी दहाला स्टोरीलाइनवाल्याचा मेसेज आला. ‘अभिनंदन कर ना! आणि ऐक, तुझं एक्सेल मॉडेल पाठव, सरावाला टेम्प्लेट म्हणून लागेल.’

पाठवलं नाही. मॉडेल प्रशिक्षकांना मेल केलंय, फाइलच्या बदलांच्या इतिहासासकट. किती वाजता कुणी कोणता सेल बदलला ते त्यात दिसतं. सोबत एकच प्रश्न लिहिलाय : माझ्या शेऱ्यातले तीन शब्द कशाच्या आधारावर लिहिले ते मला समोर बसून सांगा.