सैंधवाचा सल्ला गरोदर बाईला नको

‘गरोदरपणात पांढरं मीठ सोडून नैसर्गिक सैंधव वापरा’ हे लेखातलं वाक्य खटकलं. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच; पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलं नसेल तर ते धरूच नका. पहिले तीन-साडेतीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करत नाही, मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे तिच्या थायरॉइड ग्रंथीत आयोडीनपासून बनणाऱ्या संप्रेरकावर चालते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एरवीच्या १५०ऐवजी गरोदरपणी रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते. कमतरता जास्त असेल तर गर्भपात, बाळाचं मतिमंदत्व, बहिरेपणा इथवर जातं. आईला गलगंड होतो तो वेगळाच.

आमच्याकडे अलिबागच्या बाजूला आणखी एक समज आहे: समुद्राचं मीठ, म्हणजे आयोडीन आलंच. माझ्या जावेला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी मिठागरातलं खडेमीठच लावून धरलं होतं. शेवटी नर्सबाईंनी त्यांना समजावलं की आयोडीन मासळीत असतं, आगरातल्या मिठात नावापुरतं. मासळी घरात रोज होती हे नशीब! शाकाहारी घरात मात्र साधं आयोडीनयुक्त मीठ, दूध-दही हाच आधार. लेखिकेने तेवढं वाक्य दुरुस्त करावं. आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी कुणाच्या सांगण्यावरून मीठ बदलू नये, डॉक्टरांना विचारावं.