ऐंशी गोल्डची बचत

अदृश्य शत्रूकडून पाठीत सुरा खाणं ही कला आहे. ती आपोआप येत नाही, साधना लागते. डोटा २ या पाच विरुद्ध पाच अशा ऑनलाइन गेममध्ये समोरच्या टीमनं रिकी हा अदृश्य फिरणारा हीरो घेतलेला दिसला, की पहिल्या मिनिटापासून त्याला विसरून जा. हीरो निवडतानाच समोरून सूचना मिळाली, आता खिशात त्याचा इलाज ठेवावा, असं म्हणणारी भित्री माणसं प्रत्येक टीममध्ये असतात. गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे माहीत असून काठावर पाय सोडून बसणाऱ्याचा बाणेदारपणा त्यांना कुठून कळणार?

अदृश्याला उघडं पाडणारी पूड, म्हणजे डस्ट, गेममधल्या ८० गोल्डला मिळते. घेऊ नका. चवथीला गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीच्या सामानात हात आखडता न घेणारा माणूस इथे ८० गोल्डला अडतो, यात काही विसंगती नाही. माटोळी चार लोक बघतात, डस्ट कोण बघतो? ती उधळली की आसपासचा अदृश्य हीरो १२ सेकंद दिसत राहतो, मध्येच पुन्हा अदृश्य व्हायचा प्रयत्न केला तरी. एवढ्या वेळात चार-पाच जण मिळून रिकीसारख्या किरकोळ प्रकृतीच्या माणसाचं काय करतात, ते बघवत नाही.

कोणी बळंच घ्यायला लावली, तर निदान वापरा तरी नीट. रिकी वार करतो तेव्हा क्षणभर दिसतो, शिवाय अगदी अंगाशी असतो. ती वेळ कटाक्षानं टाळा. तो पळाला, तुमचा मित्र मेला, सगळं शांत झालं, की मग उधळा. त्याहून उत्तम म्हणजे पाचही जणांनी एकाच क्षणी उधळावी, शिगम्यातल्या गुलालासारखी. एकीनं जे दिसलं असतं तेच पाच डस्टमध्ये दिसतं, आणि पुढच्या हल्ल्याच्या वेळी सगळ्यांचे हात मोकळे.

रिकीनं स्मोक स्क्रीनचा धूर टाकून तुम्हाला सायलेन्स केलं, की कीबोर्डवरचे हात काढून घ्या. सायलेन्समध्ये जादू चालत नाही, वस्तू मात्र चालतात, म्हणजे धुरात उभं राहूनही डस्ट उधळता येते, ही बारीकसारीक माहिती डोक्यात ठेवून कशाला शीण करून घ्यायचा?

आता सेन्ट्री, म्हणजे जमिनीत रोवायचा पहारेकरी वॉर्ड, ५० गोल्ड. ही वस्तू स्वतः जंगल बघत नाही. तुमच्या टीमला जेवढी जागा आधीच दिसते आहे, तेवढ्यातलं अदृश्य ती उघडं पाडते. तेव्हा जिथे तुमचा एकही माणूस नाही, आसपासची जागा दाखवणारा साधा ऑब्झर्व्हर वॉर्डही नाही, अशा अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन रोवा. किंवा गेल्या दहा मॅचमध्ये जिथे रोवली होती त्याच उंचवट्यावर. समोरचाही आपली सेन्ट्री घेऊन नेमका तिथेच येतो आणि तुमची फोडून जातो. टॉवरजवळ अदृश्य हीरो फुकटात दिसतो, म्हणून टॉवर सोडून एकट्यानं जंगलात फिरण्यातच खरी मर्दुमकी.

राहिला जेम, ९०० गोल्डचा. आसपासचं अदृश्य दाखवत हा धारकासोबत फिरतो आणि धारक मेला की जमिनीवर पडतो. तो मागे उभा राहणाऱ्या, सहसा न मरणाऱ्या माणसाकडे द्यायची पद्धत आहे. तुम्ही तो सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्याला द्या. दोन मिनिटांत तुमचाच जेम घेऊन समोरचे तुमचेच अदृश्य वॉर्ड मोजत हिंडतील. आणि हे सगळं विकत कुणी घ्यायचं, यावर लढाईच्या ऐन मध्यात चर्चा ठेवा. देवस्थानच्या कमिटीत वर्गणीवर होते तशी: ठराव एकमतानं, पैसे कुणाचेच नाहीत.

टीम फोर्ट्रेस २ हा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्यांना फार शिकवावं लागत नाही. तिथला स्पाय, म्हणजे शत्रूचा हेर, तुमच्याच माणसाचं सोंग घेतो. पण आपला माणूस अंगातून आरपार जातो आणि स्पाय धडकतो. म्हणून अनोळखी ‘मित्रा’च्या अंगावर चालून जायची, नाहीतर पायरोच्या ज्वाळेचा एक झोत त्याच्यावर सोडायची काहींना सवय असते. असभ्यपणा आहे. मागून येणाऱ्याला वाट द्या, पाठ द्या.

बीजीएमआय या शेवटपर्यंत जिवंत राहायच्या मोबाइल गेममध्ये, मैदान आक्रसत उरलेल्या शेवटच्या सर्कलला, गवतात पसरलेला स्नेक, म्हणजे लपून पडलेला खेळाडू, असतोच. लांबून मोबाइलवर गवत आखलंच जात नाही, त्यामुळे दूरच्या टेकडीवरून स्कोप लावला तर तो उघड्या मैदानात लोळताना दिसतो. म्हणूनच टेकडी सोडा, खाली उतरा आणि त्याच्या गवतात शिरा. धावतच शिरा, पावलं ऐकू जायला हवीत. पाव विकणारा पोदेरसुद्धा भोंगा वाजवूनच वाड्यावर येतो. हेडफोन काढून ठेवा, माशांचं हुमण वाढल्याची हाक चुकायला नको. ग्रेनेड आणि मोलोटोव्ह शेवटपर्यंत शिल्लक ठेवा. पुढच्या मॅचला नेता येत नाहीत, पण बॅग भरलेली असताना मरण्यात एक समृद्धी आहे.

मेल्यावर पिंगला, म्हणजे इंटरनेटच्या संथपणाला, दोष द्या. पावसाळ्यात कुणी पुरावा मागत नाही. डोटात मेलेल्या माणसालाही दुकान उघडं असतं, जिवंत व्हायच्या आत डस्ट घेऊन ठेवता येते. तो वेळ तिकडे घालवू नका, टाइप करा. ‘आपल्याकडे एकानंही सेन्ट्री घेतली नाही’ हे वाक्य फक्त टीमला न पाठवता ऑल चॅटमध्ये टाका. मग जिवंत होऊन त्याच वाटेनं, एकटेच निघा. रिकीनंही वाचलेलं असतं.