आपल्या वाहिन्यांचंही लिहा

युक्रेन आणि गाझाच्या बातम्या देताना परदेशी माध्यमं कुठे घसरली, हे लेखात नीट मांडलंय. पण आपल्या वाहिन्यांना एका वाक्यात सोडून दिलंत, ते पटलं नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी रात्री दणक्यात चालली. तसं काही घडलंच नव्हतं. पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेलेल्या एका शिक्षकाला तर काही वाहिन्यांनी थेट दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. त्या घरावर काय गुदरलं असेल!

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत. गडहिंग्लज-चंदगडकडंही कितीतरी घरांतली पोरं सैन्यात आहेत. त्या रात्री शेजारच्या काकू टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. लेक जम्मूकडं ड्युटीवर, फोन लागत नव्हता. खालची पट्टी सरकली की त्या पदर तोंडाला लावायच्या. वर सायरन चालूच. (शेवटी कार्यक्रमांत सायरन वाजवू नका, असं सरकारलाच सांगावं लागलं.)

गाझात बाहेरच्या पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊ देत नाहीत, म्हणून तिथलेच पत्रकार जीवावर उदार होऊन बातम्या पाठवतात. आणि इथं स्टुडिओत बसून ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ शहरं पाडतात! खोटी बातमी ज्या वेळेला आणि जितका वेळ चालवली, त्याच वेळेला तितकाच वेळ दुरुस्ती दाखवायला लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या लेखात यावर जरूर लिहा.