भागाकार गेला, ‘आयक्यू’ राहिला

बंड्या : एकाचा आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, १४८, दुसऱ्याचा १३०. आता यात हुशार कोण हे काय विचारायचं?

मास्तर : चाचण्या कोणत्या, ते आधी सांग. गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात, ते प्रमाण विचलन. कॅटेलच्या बुद्धिचाचणीत ते २४ धरतात, वेक्स्लरच्या चाचणीत १५. सरासरी दोन्हीकडे १००. दोन विचलनं वर गेलास की तिथं १४८, इथं १३०. दोघं एकाच पायरीवर, शंभरातल्या वरच्या दोघांत.

अण्णा : पण ‘क्यू’ म्हणजे कोशंट, भागाकार ना हो? यात भागलं कशाला?

मास्तर : कशालाच नाही! भागाकार पूर्वी होता. बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसात चाचणी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयवार लावले आणि मुलाचं मानसिक वय, म्हणजे ते कितव्या वर्षाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं, हे काढता येऊ लागलं. पण चार वर्षांचं मूल दोन वर्षं मागे असणं आणि बारा वर्षांचं दोन वर्षं मागे असणं सारखं कसं? म्हणून जर्मनीत मानसशास्त्रज्ञ स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणलं. पहिलं मूल ५०, दुसरं ८३.

अण्णा : आणि चाळिशीचा माणूस?

मास्तर : तिथंच गणित अडलं. मानसिक वय सोळाच्या आसपास थांबतं आणि खरं वय वाढतच जातं. सोळाला चाळीसने भागलं तर धडधाकट माणसाचा आयक्यू ४०! टर्मनने मोठ्यांसाठी भाजक १६ वरच रोखला. वेक्स्लरने १९३९ मध्ये भागाकारच सोडला आणि माणसाची तुलना त्याच्याच वयोगटाशी केली. नाव मात्र तेच ठेवलं.

बंड्या : मग नावही बदलायचं होतं. लोक फसतात.

अण्णा : सरसकट नको. आपल्याकडे कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बिनेची चाचणी बसवली. त्या बिने-कामत चाचणीत आजही भागाकारच करतात. तिथं शब्द चोख आहे.

मास्तर : शब्द चोख, पण ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात, तो तक्ता जुना असला तर? बऱ्याच देशांत विसाव्या शतकात दर दहा वर्षांना साधारण ३ गुण चढत गेले. तीस वर्षं जुन्या तक्त्यावर ७८ आलेलं मूल नव्या तक्त्यावर ६९ च्या आसपास येईल. ७० च्या खालच्यांनाच मदत असेल, तर आकडा फुगल्यामुळे त्याची मदत हुकते. मला राग येतो तो याचा.

बंड्या : मग पालकांनी करायचं काय?

मास्तर : अहवालात नुसता आकडा घ्यायचा नाही. चाचणीचं नाव, आवृत्ती, तक्त्याचं साल आणि आकड्याचा पल्ला, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, चारही लिहून मागायचे.