गणपतीशेजारचा माणूस

इंडोनेशियाच्या जुन्या २०,००० रुपियाच्या नोटेचा फोटो पुन्हा फिरतोय. "मुस्लिम देश, तरी नोटेवर गणपती!" फोटो खरा आहे. नोट १९९८ची, आता चलनात नाही. पण तिच्यावर गणपतीच्या शेजारी एका माणसाचा मोठा चेहरा आहे आणि तो कोण, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्यांचं नाव 'की हाजार देवांतारा'. जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या एका राजघराण्यातले. तेव्हा इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं. त्यांचा देश, नेदरलँड्स, नेपोलियनच्या ताब्यातून सुटल्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९१३मध्ये डचांनी जावातही उत्सव करायचं ठरवलं आणि स्थानिक लोकांकडूनही वर्गणी मागितली. या तरुणाने डच भाषेतच लेख लिहिला: मी डच असतो, तर ज्यांचं स्वातंत्र्य आपण हिरावून घेतलंय त्यांच्याच भूमीवर हा सोहळा केला नसता. त्याबद्दल हद्दपारी झाली. सोबत आणखी दोघे हद्दपार झाले, जावानीज डॉक्टर चिप्तो आणि मिश्र वंशाचे डाउवेस डेकर. परतल्यावर, १९२२मध्ये, देवांतारांनी 'तामान सिस्वा' या शाळा सुरू केल्या. दहा वर्षांनी सरकारने खासगी शाळांवर निर्बंध आणले, तेव्हा त्यांनी असहकार पुकारून सरकारला माघार घ्यायला लावली. स्वतंत्र देशाचे पहिले शिक्षणमंत्री तेच. त्यांचा जन्मदिवस, २ मे, तिथे राष्ट्रीय शिक्षण दिन असतो.

आपण इंडोनेशियात फक्त आपल्याला शोधतो, हे माझं स्पष्ट मत आहे. महाभारत तिथे गेलं हे अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या छायानाट्यात अर्जुनाला चार शब्द सुनावणारा, देवांनाही न घाबरणारा सेमार नावाचा सेवक आहे, तो आपल्या महाभारतात नाहीच. तो जावाचा आहे. सुमात्रातले मिनांगकाबाऊ कट्टर मुसलमान, तरी त्यांचं वडिलोपार्जित घर आईकडून लेकीकडे जातं. १९२८च्या युवक परिषदेत संख्येने सर्वांत मोठ्या जावानीज लोकांनी स्वतःच्या भाषेचा आग्रह धरला नाही. बंदरांत, बाजारांत चालणाऱ्या मलायवर आधारलेली भाषा सगळ्यांनी एकतेची भाषा म्हणून स्वीकारली. भाषेवरून आपल्याकडे काय काय झालं ते आठवा, मग या निर्णयाचं मोठेपण कळेल.

आणि सोसलेलं किती! श्रीखंडात आपण जायफळ किसतो, ते एके काळी जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकायचं. त्यावर मक्तेदारी हवी म्हणून १६२१मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान कूनने ती बेटं जवळजवळ ओस पाडली. हजारो लोक मारले, उपाशी मेले, गुलाम झाले. मग मळ्यांवर राबायला बाहेरून गुलाम आणले.

आता आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इंडोनेशिया जपानच्या ताब्यात होता. जपान हरल्यावर, १७ ऑगस्ट १९४५ला, तिथले नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटिशांची एक भारतीय ब्रिगेड जावातल्या सुराबाया शहरात उतरली आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. काम सांगितलं होतं जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायचं आणि युद्धकैद्यांना सोडवायचं. पण शहरातल्या लोकांना दिसत होतं की यांच्या मागून डच परत येणार. लढाई पेटली. ब्रिगेडचे ब्रिटिश प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. तो दिवस तिथे 'वीर दिन' आहे. नेहरूंनी भारतीय सैनिकांच्या या वापराचा निषेध केला होता. काही भारतीय सैनिक तर बाजू बदलून इंडोनेशियनांकडे गेले.

साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोरांना त्या गल्ल्यांत उभं करण्यात आलं, समोर स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोरं. दोन्हीकडची मेली. नोटेचा फोटो दर वर्षी फिरतो, ही गोष्ट मात्र आपल्या शालेय पुस्तकांत मला कधी दिसली नाही. ती असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या घरातलं कुणी १९४५-४६मध्ये मराठा पलटणीबरोबर जावाला गेलं असेल, एखादं पत्र, फोटो किंवा नुसती ऐकलेली आठवण असेल, तर कृपया इथे लिहा.